दारासमोरची टाकी

४ फेब्रुवारी

ऑक्टोपस!

मांजर नाही, पोपट नाही, साधे रंगीत मासेही नाहीत. ऑक्टोपस. आणि तो कुठे, तर आमच्या बैठकीच्या खोलीत. कुलपं-किल्ल्यांचं दुकान चालवणारा, घरी आल्यावर चहाशिवाय काही न मागणारा माझा नवरा आज जेवताना म्हणाला, "घरात खाऱ्या पाण्याची टाकी लावायची. ऑक्टोपस पाळायचा. ठरवलंय मी." आणि पुढच्याच वाक्यात भाजी मागितली.

मी हसले. हा हसला नाही. म्हणजे खरंच ठरवलंय.

का, ते विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? गेल्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, "वर्ष-दीड वर्ष धरून चला. मग उजेड आणि अंधार, एवढंच कळेल." ह्याची नजर कडेने मिटत चाललीय. सध्या नळीतून बघावं तसा एक गोल उरलाय, तोही लहान होतोय. मी चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत, दिवसभर लोकांचे डोळे तपासते. हे मला कुणी समजावून सांगायला नको. अशा वेळी कुणी डोंगर बघायला जातं, कुणी दूरचं शहर. ह्याला ऑक्टोपस बघायचाय. बघू दे. डोळे भरून बघू दे.

८ फेब्रुवारी

टाकीवालीकडे जाऊन आलो. दुकानाच्या पाटीवर तिचं चांगलं भारदस्त नाव आहे, पण ह्याने टाकीवाली म्हटलं आणि ते चिकटलं. हा आधी एकदा एकटाच जाऊन आला होता तिच्याकडे— मला न सांगता! साठीची बाई, बाह्या कोपरापर्यंत ओल्या, चष्मा दोरीने गळ्यात. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "अच्छा, म्हणजे तुम्हीच त्या."

कोण त्या? विचारणार तेवढ्यात तिचा फोन वाजला.

मग म्हणाली, ऑक्टोपस शेवटी. आधी पाणी. खारं पाणी केलं आणि प्राणी सोडला असं चालत नाही. पाण्यात आधी डोळ्यांना न दिसणारे जीव वाढवायचे, ते घाण खातात, मगच मोठा जीव तगतो. "दोन-तीन महिने रिकामी टाकी बघत बसायची तयारी असेल तर पुढचं बोलू." आणि वर आणखी एक— "हा जीव फार जगत नाही हं. वर्षभर. नशीब असेल तर थोडं जास्त. नंतर माझ्याकडे रडत यायचं नाही."

इथेही वर्षभर!

हा मात्र शांत. "वर्षभर पुरे. तेवढ्यात सवय होईल."

"कसली सवय?" मी.

"होईल गं."

१६ फेब्रुवारी

भांडण. जागेवरून!

मी म्हटलं, स्वयंपाकघराच्या भिंतीला लावू. नळ जवळ, ऊन येत नाही, भिंत भक्कम. कुणीही शहाणा माणूस तिथेच लावेल. हा म्हणतो, नाही, मुख्य दारासमोर. दार उघडलं की समोर टाकी.

"अरे, बादल्या कोण वाहणार तिथपर्यंत?"

"मी."

"धडपडशील!"

"धडपडेन."

"आणि तुझी खुर्ची त्या कोपऱ्यात. तिथून तुला टाकी नीट दिसणार तरी आहे का?"

ह्यावर हा उठून दारासमोरची जागा वितीने मोजायला लागला. हट्टाला पेटला की हा असाच. मी हात टेकले. चपलांचं कपाट हलवलं.

१ मार्च

टाकीखालचा लोखंडी घोडा ह्याने स्वतः बनवला, दुकानाच्या मागे. वर काच ठेवल्यावर पाणी एका बाजूला कलायला नको, म्हणून पाणसळ लावली. बुडबुडा मध्ये आहे का ते मी सांगायचं आणि हा पायाखालचा स्क्रू पिळणार. "डावीकडे. अजून. अजून. थांब— गेला पुढे!" मग म्हणाला, तू बाजूला हो. डोळे मिटले आणि दोन्ही तळवे काचेवर पसरून उभा राहिला. एक स्क्रू इवलासा फिरवला. बुडबुडा बरोबर मध्ये.

मला त्याचे हात फार आवडतात. हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही.

९ मार्च

बैठकीत एक मेलेली कोळंबी आहे. मुद्दाम ठेवली आहे. ती कुजल्याशिवाय पाणी तयार होत नाही म्हणे. वासाबद्दल काही लिहीत नाही.

११ मार्च

लेकीचा फोन, वसतिगृहातून.

"आई, मला नीट समजू दे. तुम्ही एक मोठी रिकामी टाकी आणली आहे."

"हो."

"त्यात एक मेलेली कोळंबी आहे."

"हो."

"आणि संध्याकाळी तुम्ही दोघं ती बघत बसता."

"बसतो."

"मी घरी येऊ का?"

हसून हसून पुरेवाट झाली. मग तिने हळूच विचारलं, "बाबा बरा आहे ना?" मी म्हटलं, बरा आहे. खरं तर फारच बरा आहे. पाणी ढवळतो, खारेपणा मोजायच्या यंत्राआधी बोट बुडवून चाखतो आणि बरोबर सांगतो. पाण्यात थेंब टाकून रंग बघायचा असतो, तेवढं माझ्याकडे. रंग ह्याच्या हातून गेलेत. मी नळी उजेडात धरते आणि हा विचारतो, "पिवळा कसा? लिंबासारखा की हळदीसारखा?" सांगता सांगता मीच आयुष्यात पहिल्यांदा पिवळा नीट बघतेय असं वाटतं.

२२ मार्च

एक गोष्ट लिहून ठेवते. कुणाला सांगण्यासारखी नाही, फार लहान आहे.

पूर्वी मी कामावरून आले, दार उघडलं, की हा मान वर करायचा. पायांपासून डोक्यापर्यंत एकदा बघायचा. सावकाश. मग म्हणायचा, "आलीस?" कपडे चांगले म्हणायचा नाही, दमलेली दिसतेस म्हणायचा नाही. फक्त बघायचा. तेवढ्यात दिवसभराचं सगळं उतरायचं. दिवसभर मी लोकांच्या डोळ्यांत बघते, पण ते माझ्याकडे बघत नसतात, भिंतीवरच्या अक्षरांकडे बघत असतात.

आता "आलीस?" येतं, अगदी वेळेवर. चावी ऐकूनच. पण नजर माझ्या खांद्यामागे, दाराच्या चौकटीवर. तरी मी दारात थांबते क्षणभर. सवय. ह्याच्या काही लक्षात येत नसेल, बरंच आहे.

पुरे. रंग आज लिंबासारखा.

२६ एप्रिल

आली!!

टाकीवाली स्वतः घेऊन आली, झाकणाच्या बादलीत. पिशवीत भरून टाकीत तरंगत ठेवली, मग बारीक नळीने थेंब थेंब आपलं पाणी तिच्या पाण्यात. हा सगळा वेळ जमिनीवर मांडी घालून, कान टाकीला. मग टाकीवालीने पिशवी वाकडी केली आणि एक तपकिरी चिंधी बाहेर पडली. एवढीच? मला वाटलं. चिंधी दगडावर बसली आणि— नाहीशी झाली. दगडच! खडबडीत, चट्टेपट्टे, सगळं. मग त्या दगडाने एक डोळा उघडला.

असा डोळा मी बघितला नव्हता. बाहुली आडवी, एक सपाट काळी रेघ. ती उलटी झाली, तिरकी झाली, तरी रेघ आपली आडवीच. पाणसळीच्या बुडबुड्यासारखी! आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांत एक जागा अशी असते की तिथे काहीच दिसत नाही, नस मागे जाते ती जागा. मी लोकांना ती शोधून दाखवते तेव्हा ते चाट पडतात. ह्या जातीच्या डोळ्यात ती जागाच नाही. कुठेच आंधळं नाही.

मादी आहे, टाकीवाली म्हणाली. सगळीकडे नाक खुपसते, सगळ्या वस्तू हाताळून परत चुकीच्या जागी ठेवते. दोघांच्या तोंडून एकदमच निघालं— आत्याबाई!

"दिसली?" मी ह्याला विचारलं.

"काहीतरी हललं. तू सांग."

मी सांगितलं. बराच वेळ सांगत होते.

१० मे

आत्याबाईंनी झाकणाच्या बरणीतला खेकडा काढून खाल्ला. हा चक्रावला. मग दुकानातून प्लास्टिकची डबी आणली, तिला सरकती कडी. उघडली. दोन कड्या, एक उलटी सरकणारी. तीही उघडली— आणि कडी काढून आमच्या अंगावर भिरकावली!

"ही माझ्या दुकानात बसायला हवी," हा म्हणतो. "गिऱ्हाईकाशी बोलायचं तेवढं मी बोलेन."

ती कशी उघडते ते मी बघते आणि ह्याच्या तळहातावर बोटांनी करून दाखवते. आधी सगळीकडून चाचपते, घाई नाही, जोर नाही. एक बोट आत, दुसरं तिथे टेकवून ठेवलेलं. "बरोबर!" हा ओरडला. "असंच! मीही असंच करतो!"

कितीतरी दिवसांनी हा ओरडला.

१९ मे

आणखी एक. मी आले की ती वर येते.

योगायोग म्हणून दोन-चार दिवस सोडून दिलं. पण नाही. दार उघडतं आणि ती बिळातून निघते, काचेपाशी येते, एक डोळा उंच करून माझ्याकडे बघते. पायांपासून डोक्यापर्यंत. शेजारीण दूध मागायला आली तेव्हा आली नाही. टाकीवाली आली तर चक्क आत पळाली. मी आले की येते.

पिशवी खांद्यावर तशीच ठेवून मी उभी राहते. कोपऱ्यातून हा विचारतो, "आली का?"

"आली."

"बघतेय?"

"बघतेय रे."

रोज विचारतो. बिचारा, स्वतःला तेवढ्या लांबून दिसत नाही तर माझ्या डोळ्यांनी बघतो. तेव्हाच म्हटलं होतं, टाकी खुर्चीजवळ लाव.

३ जून

आज पोबारा! दुपारी हा जेवायला घरी आला तर ओलं फडकं फरशीवरून ओढल्यासारखा आवाज. झाकण सरकवून आत्याबाई दाराच्या दिशेने निघाल्या होत्या. हा गुडघ्यांवर बसला, आवाजामागे चाचपत गेला आणि सापडली तशी उचलली. तिने त्याच्या मनगटाला विळखा घातला. "मी हललो नाही," म्हणाला. "तिने माझी चव घेतली. सगळ्या हाताची. मग सैल झाली."

मनगटावर गोल गोल लाल ठसे, बांगड्यांसारखे. संध्याकाळपर्यंत त्यांवरून बोट फिरवत होता.

आता मात्र झाकणाला कुलूप, म्हणाला. असं की तिच्या बापालाही उघडता येणार नाही.

८ जून

काय देखणी कडी केलीय! अस्सल पितळ, दोन पाकळ्या, मध्ये खिट्टी. बोटाने दाबली की असा मऊ आवाज येतो. लोखंड गंजलं असतं, म्हणाला. समुद्राजवळच्या घरांना हा नेहमी पितळच देतो, खाऱ्या हवेत तेच टिकतं. आत्याबाईंनी खालून बराच वेळ खटपट केली आणि नाद सोडला. इतका खूश होता की मला दोनदा उघडून लावून बघायला लावलं.

२३ जून

काच साफ ठेवायला सोडलेल्या गोगलगायी खाली पडल्यात. आत्याबाई दोन दिवस जेवली नाही. दार उघडलं, आली नाही.

२४ जून

पांढरीफटक. वरच्या कोपऱ्यात पाण्याच्या काठाला चिकटून, भराभर श्वास. टाकीवालीला फोन लावून "या," एवढंच म्हटलं. टाकीवाली आली, पाण्याकडे बघितलंही नाही, थेट झाकण उचलून उलटं केलं. कडीच्या खालच्या अंगाला हिरवी साय.

"हे काय लावलंय?"

"पितळ," हा म्हणाला. "गंजत नाही ते."

"गंजत नाही हो! पण थेंब थेंब पाण्यात उतरतं. पितळात तांबं. हिच्या स्वतःच्या रक्तात तांबं आहे, म्हणून तर रक्त निळं. पण पाण्यातलं तांबं म्हणजे हिला विष. थेंबभरसुद्धा." मग ह्याचं तोंड बघून तिचा आवाज उतरला. "कुलूपवाले, आधी मला विचारायचं ना. वेळेवर बोलावलंत तसं. नेते मी. बघू."

बादलीत घालून घेऊन गेली. हा झाकण मांडीवर घेऊन बसला. स्क्रू एकेक चाचपून काढले. एवढं हिरवं, आणि ह्याला दिसलं नाही. मला दिसतं, आणि मी बघितलं नाही.

"टाकी काढून टाकू," म्हणाला.

"काय?"

"उद्या गॅस चालू ठेवीन, परवा दुसरं काही. न दिसणाऱ्या माणसाने जीव पाळू नये."

मला त्याला समजवायचं होतं. तोंडून निघालं भलतंच: "तू कोण ठरवणारा? ती माझी पण आहे!" आणि चक्क रडायला लागले. मग माझं मलाच कळलं, मी हे ह्याच्यासाठी म्हणत नव्हते. मला ती हवी होती. दार उघडल्यावर मला ती हवी होती.

हा चमकला. माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. मग म्हणाला, "बादल्या कुठे आहेत?"

२८ जून

सगळं पाणी काढलं. दगड धुतले, वाळू फेकली, काच पुसली. स्वयंपाकघर ते दार, बादल्या, आणि एकदा पाय सरकून आपटी— माझी! हा नाही पडला. फरशीच्या सांध्यांवरून पाय घासत चालतो, भरली बादली घेऊन एक थेंब सांडत नाही. मी पडल्या जागी बसून हसत होते आणि बघत होते. रोज थोडं थोडं काहीतरी हरवतोय हा माणूस, आणि हरवलेल्या जागेवर हात फिरवून तिथे काय उरलंय ते शोधतोय. कुरकुर नाही. मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.

नवी कडी प्लास्टिकची. कुरूप आहे. आता दुकानातून आल्यावर हा कोपरापर्यंत साबणाने हात धुतो, मगच टाकीजवळ.

२१ जुलै

जिवंत आहे! टाकीवालीने आणून सोडली. बारीक झालीय. दिवसभर बिळात.

२४ जुलै

दार उघडलं. आली. वर, काचेपाशी. बघितलं.

मी सांगायच्या आधीच कोपऱ्यातून ह्याचा आवाज: "आली ना?"

१२ ऑगस्ट

केस कापले. खूप. मानेपर्यंत. दुकानात सगळ्यांनी काही ना काही म्हटलं. घरी आले, दार उघडलं, आत्याबाई वर आली आणि एकदम दचकली— काळीकुट्ट! अंगावरच्या नळकांड्यातून पाण्याची चिळकांडी. मग परत हळूहळू जवळ. एका डोळ्याने बघितलं. वळून दुसऱ्याने बघितलं. मग रंग निवळला. ओळखलंन.

"केस कापलेस?" कोपऱ्यातून.

मी थक्क. "कसं कळलं?"

"ती उडाली ना, पाणी वाजलं. तुझ्याकडे बघून ती कशाला उडेल? तूच काहीतरी केलं असणार. कपडे तू रोज बदलतेस. म्हणजे केस." जवळ बोलावलं, मानेवरून हात फिरवला. "बरे आहेत. गार लागत असेल."

२ सप्टेंबर

आज म्हणाला, गोल गेला. साधंच म्हणाला, पाव संपला म्हणावं तसं. खिडकीचा उजेड तेवढा कळतो. डॉक्टरांच्या हिशेबाआधीच.

मी त्याला टाकीपाशी नेलं. झाकण काढलं, हात पाण्यात सोडायला लावला. आत्याबाई आली, एक हात पुढे केला, मग दुसरा. त्याच्या बोटांमधून, मनगटावरून, सावकाश. ह्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला लिहिता येत नाही. मी तिथेच उभी होते आणि माझ्याकडे दोघांपैकी कुणाचं लक्ष नव्हतं. मला ते आवडलं.

मनात एकच, ह्याला वेळेत बघायला मिळाली. नळीएवढी का होईना.

९ सप्टेंबर

टाकीवाली खेकडे घेऊन आली. हा दुकानात होता. चहा पिताना मी तेच म्हटलं, बरं झालं, ह्याचं बघायचं राहून नाही गेलं.

तिने कप खाली ठेवला. "त्याचं? तुम्हाला सांगितलं नाही त्याने? पहिल्या दिवशी आला, तेव्हा मी रंगीत मासे दाखवत होते. म्हणाला, बघायला काही नकोय. बघणारं हवंय. मासे माणसाकडे बघतात का? मी म्हटलं, छे. तर म्हणाला, मग ओळख ठेवून बघेल असं काय आहे तुमच्याकडे? बायको घरी येते तेव्हा दारात जराशी थांबते. अजून थांबते. आणि मला आता दिसत नाही."

ती गेल्यावर मी दार उघडून ठेवलं आणि उंबऱ्यात बसून राहिले. हा आला, भिंतीला हात लावत. "दार उघडं का? कोण आहे?" मी आहे, म्हटलं. काचेपाशी आत्याबाई वर आली होती. तिला म्हटलं, तू थांब. ह्याचे दोन्ही हात धरले आणि माझ्या तोंडावर ठेवले. अजून धुतले नव्हते. पितळेचा वास येत होता.